जीप सुरू होईपर्यंत

सेल्फ फिरला, पण इंजिन पेटलं नाही. दौलतने पुन्हा बटण दाबलं. जीप खाकरली आणि गप्प झाली.

"मिलिट्रीचा माल होय, बापूजी," मागच्या सीटवरून त्याचे वडील गुणवंतराव म्हणाले. "आजवर कधी बंद नाई पडली."

बापूजी हात जोडून अंगणात उभे होते. निरोप देऊन झाला होता. दौलतसाठी मुलगी पाहून, पसंत करून पाहुणे वरोऱ्याला परत निघाले होते. पाहण्याचा कार्यक्रम पाच मिनिटांत आटोपला होता: नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. पण बापूजींनी लेकीला शब्द दिला होता की तिने हो म्हटल्याशिवाय सुपारी फुटणार नाही.

लेक, इंदू, खिडकीतून बघत होती. नागपूरच्या कॉलेजात ती दोन वर्षं पदार्थविज्ञान शिकली होती. तिथल्या प्रयोगशाळेत मोटारीचं एक इंजिन उघडून ठेवलेलं असे. त्यामुळे पाहुणे बैठकीत पान खात बसले असताना तिला फार वेळ लागला नाही. जीपचं बॉनेट उचलून तिने डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि आतली जी दोन टोकं मिटतात-उघडतात त्यांच्यामध्ये पोस्टकार्डाचा कपटा सरकवला. कागदातून वीज जात नाही. दिवे लागतील, हॉर्न वाजेल, सेल्फ फिरेल. ठिणगी मात्र पडणार नाही. पाच मिनिटांत तिला माणूस कळला नव्हता. निरीक्षणाला वेळ हवा होता.

दौलत खाली उतरला. बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहत राहिला. मग ठामपणे म्हणाला, "बॅटरी गेली."

इंदूने डोळे मिटले. सेल्फ फिरत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत होती.

गावात मिस्त्री नव्हता. चांद्याहून बोलवावा लागणार होता, आणि बस दिवसाआड. तो परवा दुपारी येईल असं ठरलं. पाहुण्यांचं सामान परत घरात आलं.

त्या रात्री इंदूच्या आईने, सुगंधाबाईंनी, पुरण घातलं. दुसऱ्या दिवशी तलावातले मासे केले. मासे खाताना गुणवंतराव जरा मोकळे झाले. "तसं लाईटचं थोडं काम आहे, बापूजी. दिवे लावले का हॉर्न वाजते." संध्याकाळी त्यांनी भर घातली, "आन् हॉर्न बंद केला का दिवे विझते."

तिसऱ्या दिवशी सकाळी पानात नुसती लाखोरीची स्वस्त डाळ आणि भात आला. तेव्हा त्यांनी हात जोडले. "खरं सांगू? माह्याआधी या जीपचे तीन मालक झाले. तिघाईनंबी वायरिंगपायीच विकली. सांगितलं नाई कोणीच."

"आन् तुम्ही?" बापूजींनी विचारलं.

"मीबी गिऱ्हाईकच पाहून राह्यलो."

स्वयंपाकघरात सुगंधाबाई लेकीला म्हणाल्या, "हो म्हण नाईतर नाई म्हण, पण लवकर म्हण वं बाई. तलावात मासे नाई राह्यले."

इंदूचं निरीक्षण संपत आलं होतं. दौलत दर तासाभराने दाराशी यायचा. कधी चिंधी मागायचा, कधी गरम पाणी, कधी रॉकेल. एकदा त्याने कॉलेजचं विचारलं.

"पुरं काऊन नाई केलं?"

"लग्नासाठी बोलावलं घरी."

"मंग लग्न झाल्यावर करा."

हे तो इतक्या सहज म्हणाला की तिच्या हातातलं रॉकेल सांडलं. तो रागावत नव्हता, ऐकून घेत होता, बापाच्या बढाईवर मान खाली घालत होता. पण दुसऱ्या दिवशी त्याने "डायनामो गेला" म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी "कॉइल गेली". तिन्ही वेळा तितक्याच ठामपणे, आणि तिन्ही वेळा चूक. एखादी गोष्ट न कळणं तिला चाललं असतं. न कळता कळल्यासारखं सांगणारा माणूस जन्मभर चालला नसता.

तिने नाही म्हणायचं ठरवलं. जरा वाईट वाटलं. पण मिस्त्री यायला तासच उरला होता, आणि त्याने टोपी उघडली असती तर बापूजींना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पुरुष मंडळी पडवीत लवंडली होती. ती जीपपाशी गेली, बॉनेट उचललं, टोपी काढली.

कपटा नव्हता.

तिने वाकून खाली पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं की टोपीखाली बसणारा रोटरही जागेवर नाही. वीज एकेका प्लगला वाटून देणारा तो बोटाएवढा तुकडा. त्याच्याशिवाय जीप सुरू होणं शक्यच नव्हतं.

"हे पाहून राह्यल्या का?"

दौलत मागे उभा होता. त्याच्या तळहातावर रोटर होता.

"कागद मी पहिल्याच दिवशी काढला," तो म्हणाला. "हे शिकलेलं या घरात दुसरं कोण आहे?"

इंदूचे कान तापले. "मंग बॅटरी, कॉइल... हे काय होतं?"

"काहीतरी सांगा लागत होतं. जीप सुरू झाली असती तर जा लागलं असतं." तो जमिनीकडे बघत होता. "तुमाले मी पाच मिनिटांत नाई कळलो. मंग मले तुम्ही कशा कळसान?"

दूर रस्त्यावर बसची धूळ दिसू लागली होती. इंदूने त्याच्या हातातून रोटर घेतला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

"हा भाग चांद्याले मिळत नाई," ती म्हणाली. "नागपूरहून मागवा लागते. आठ दिवस तरी लागन."