काळ्या फडक्याची गाठ

"तुम्ही बांधलेलं काळं फडकं सुटून तलावाच्या पाण्याच्या बाटलीत उजेड शिरला असणार, तात्या," कॉलेजचे सर म्हणाले. "तलावातले जिवाणू अंधारात कार्बन डायऑक्साइड खात नाहीत. इथे तर खाल्लाय!"

नावाडी सखातात्यांना एवढंच कळलं, की चाळीस वर्षं जाळी विणलेल्या बोटांची गाठ सुटली म्हणे! त्यांना ते फार झोंबलं. त्यांनी सरांदेखत नवी बाटली फडक्यात बांधली आणि दोरीने तलावात सोडली.

दुसऱ्या दिवशी गाठ सोडता सोडता सरांचं नख मोडलं. शेवटी फडकं सुरीने कापावं लागलं.

आठवड्याने सर धावतच काठावर आले. "तात्या, तपासणीत पुन्हा तोच आकडा! अंधारातही खातात ते जिवाणू. आता जगाला सांगणार!"

"सांगा की," वल्हं उचलत तात्या म्हणाले. "पण गाठ सुटली नव्हती, हे आधी लिहा."