टाळ्या वाजल्यावर

सुनेचं वागणं मला मुळीच पटत नव्हतं. मुलगा जाऊन वर्ष झालं, तरी मंडळाच्या फेर-नाचात ही बया शेजारची जागा त्याच्यासाठी रिकामी ठेवायची. "आई, हे येतात," म्हणायची. लोक तोंड लपवून हसायचे.

काल मीच त्या जागेत घुसले आणि दोन्हीकडचे हात धरले. ढोल-बासरी रंगात आली. गिरकीआधी सुनेच्या बाजूच्या हातानं माझा अंगठा हळूच दाबला. ही खोड माझ्या मुलाची.

वाद्यं थांबली. सगळ्यांनी हात सोडून टाळ्या वाजवल्या. सुनेनंही, दोन्ही हातांनी.

माझा हात मात्र धरलेलाच होता.

"सूनबाई, खरं बोलत होतीस तू," मी म्हणाले. "आता त्याला म्हणावं, आईचा हात सोड."