अंगठ्याचा उशीर

शर्यत संपली, इलेक्ट्रॉनिक घड्याळानं माझी वेळ दाखवली: १२.६१ सेकंद. मैदानाच्या फळ्यावर शंभर मीटरचा विक्रम होता १२.४, सत्तावीस वर्षांपूर्वीचा, माझ्या आईचा. ते आकडे ती दरवर्षी स्वतः रंगवायची. "थोडक्यात हुकलं," आई म्हणाली, पण तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. तेव्हाची वेळ आजोबांनी हातातल्या स्टॉपवॉचवर घेतली होती. तेच म्हणाले, "पिस्तुलाचा आवाज ऐकून अंगठा दाबेपर्यंत पाव सेकंद जातोच. हाताच्या वेळेत चोवीस शतांश मिळवायचा नियम आहे. ब्रश आण." "बाबा, विक्रम माझा आहे!" आई फणकारली. "धावलीस तू. उशीर माझ्या अंगठ्याचा." स्टुलावर चढून त्यांनी १२.४ खोडलं, शेजारी १२.६४ लिहिलं. "उतरा खाली, आकडे किती वाकडे!" म्हणत आईनं ब्रश हिसकावला आणि खाली माझे १२.६१ रंगवले. "पुढच्या वर्षीपासून तूच रंगव."