आईची तयारी

शहाऐंशी साली अमेरिकेत म्हाताऱ्यांचा आरोग्यविमा बदलायची मुदत संपत आली, तशी अच्युतने आईकडून तयारी करून घेतली. “एजंट अमेरिकन आहे. कुठलाही आजार विचारला की फक्त ‘नो’ म्हणायचं, नाहीतर विमा मिळायचा नाही.”

एजंट टॉम घरी येऊन फॉर्म भरायला लागला, तसं द्वारकाबाईंनी बीपीला नो म्हटलं, डायबिटीसला नो म्हटलं, आर्थ्रायटिसला तर गुडघा चोळत नो म्हटलं. अच्युतचा जीव भांड्यात पडला.

टॉमने चहाचा घोट घेतला. आयसेलिन गावातल्या मराठी घरांत विमे विकताना तो एकच मराठी वाक्य शिकला होता, तेवढं त्याला पुरायचं.

“मावशी, तब्येत काय म्हणते?”



द्वारकाबाई पदर सावरून बसल्या. “काय सांगू रे बाबा, बीपी आहे, डायबिटीस आहे, आर्थ्रायटिस तर विचारूच नकोस...”