बंद घराची कौलं

कौलं उतरवायला सकाळचे तीन तास पुरले.

"सांभाळून रं, फुटकी कौलं घेऊन जायची काय त्यांना?" किरण खालून ओरडत होता. शेलू गावातल्या त्याच्या ग्रुपात नऊ जण. वादळानं किनाऱ्यावरची छपरं उडाली हे मोबाइलवर बघितलं आणि चौथ्या दिवशी टेंपो ठरला. तिकडं पत्रे कुठं मिळत नव्हते. मग गावोगावची जुनी कौलं गोळा करू, हे डोकं किरणचं. पळसदरीतलं हे बंद घर त्याला तिथल्याच राजेशनं दाखवलं होतं.

"आमच्या भावकीचंच हाय," राजेश म्हणाला. "राहणारं कुणी उरलं नाय. बिनधास्त न्या, पुण्य लागंल." शेजारच्या दोन घरांच्या जागी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बंगले उठले होते. राजेश बोलता बोलता सारखा तिकडंच बघत होता.

वर चढलेला कान्हा गवंडी होता. त्यानं उघड्या वाशांतून आत डोकावलं. "किरणदा, भांडी कशी नीट पालथी घातलीत बघ. आढ्याला निळा डबा पण टांगलाय."

"असू दे. आपल्याला कौलं पायजेत, डबे नाय."

"भिंती मातीच्या हायत. पावसात बसतील."

"रिकाम्या घराची काळजी करतोस, आणि तिकडं उघड्यावर बसलेल्या लेकराबाळांची कुणी करायची?"

बोलण्यात किरणला कोण हरवणार? कान्हानं पुढचं कौल खाली दिलं.

श्रीवर्धनच्या अलीकडं एका वाडीत सरपंचांनी त्यांना हरेशचं घर नेमून दिलं. सुपारीची बाग आडवी झालेली, घरावर निळी ताडपत्री. घरात हरेश, त्याची बायको हर्षला, दोन पोरं आणि एक म्हातारी. धाकटं पोर दिवसभर म्हातारीच्या कडेवर.

म्हातारी कामाची होती. प्रत्येक कौल धुऊन, पुसून, हातात देई.

"चांगली जाड कौलं हायत रं. कुठनं आणलीत?"

"आमच्या कर्जतकडनं, आजी. लोकांनी खुशीनं दिली."

कर्जत म्हटल्यावर म्हातारीनं त्याच्याकडं नीट बघितलं. पण बोलली एवढंच, "देणाऱ्याचं भलं होवो."

दुपारी हर्षलानं सगळ्यांना जेवायला वाढलं. म्हातारी मात्र परसात तीन दगडांच्या चुलीवर स्वतःचा भात वेगळा रांधत होती. सांडगेसुद्धा तिच्या गाठोड्यातले.

"सासूसुनेचं वाजलेलं दिसतंय," कान्हा पुटपुटला.

"घरोघरी मातीच्या चुली," किरण म्हणाला.

पण त्याला ते डाचलं. त्यात हरेश आला की म्हातारी पदर ओढून मागच्या दारी जायची. स्वतःच्या पोराला एवढं भ्यायचं? किरणला राहवलं नाही. संध्याकाळी त्यानं हरेशला बाजूला घेतलंच.

"दादा, राग मानू नका. म्हातारं माणूस असं वेगळी चूल मांडून खातं, बरं दिसत नाय."

हरेशचा चेहरा पडला. "मी काय कमी केलंय त्यांना? त्याच घेत नायत."

लाज वाटली म्हणून सारवासारव करतोय, असं किरणनं धरलं.

म्हातारी रोज एकच विचारायची. "छप्पर कधी व्हईल रं?"

"शनिवारी."

"तेवढं होऊ दे. पोरांच्या डोक्यावर आलं की मी निघाले. मला इथं एक दिवस जास्त ऱ्हायचं नाय."

पाऊस रोजच कोसळत होता, तरी किरणनं पोरांना दम खाऊ दिला नाही. या म्हातारीसाठी तरी शनिवार चुकवायचा नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

शनिवारी छप्पर झालं. नारळ फुटला, फोटो झाले. म्हातारी गाठोडं घेऊन टेंपोपाशी येऊन उभी राहिली.

"कर्जतच्या वाटेवर सोडाल?"

हर्षला रडत होती. "आई, पाऊस सरेपर्यंत तरी थांब की गं."

"नको बाय. हितकं ऱ्हायले तेच लई झालं. लोक काय म्हणतील?"

हरेश मान खाली घालून उभा होता. किरणनं त्याचा निरोपसुद्धा घेतला नाही. टेंपो तोच चालवत होता; म्हातारीला पुढं आपल्याशेजारी बसवलं. छप्पर घालून दिलं, पण अशा घरासाठी राबलो याचं त्याला वाईट वाटत होतं.

खोपोली सोडली तेव्हा वायपर थकले होते. किरणला अखेर बोलावंच लागलं.

"आजी, हरेशनं असं करायला नको होतं. आईला कुणी घरातनं जाऊ देतं का?"

"कुणाच्या आईला?" म्हातारी त्याच्याकडं बघतच राहिली. मग खुदकन हसली. "अरं, तो जावई माझा. हर्षला माझी लेक. तिच्या बाळंतपणाला म्हणून गेले, तर ती अंथरुणाला खिळली. मग वर्ष तिथंच गेलं, वर हे वादळ. जावई देवमाणूस हाय रं. पण लेकीच्या घरचं किती दिवस खायचं? आपला भात आपल्या चुलीवर बरा."

किरण ओशाळला, हसलाही. छातीवरचं ओझं उतरलं. "मग आधीच सांगायचं की, आजी. मी हरेशदादाला काय काय बोललो."

"लेकीकडं ऱ्हाते, हे काय मोठ्यानं सांगायचं असतं?"

"बरं, आता सोडू कुठं?"

"पळसदरीला. फाट्यावर नको, आत घे टेंपो. नवे बंगले झालेत ना, त्यांच्या शेजारीच माझं घर."

किरणचा पाय ब्रेकवर गेला. टेंपो रस्त्याकडेला उभा राहिला.

म्हातारीनं कनवटीची किल्ली काढली आणि पदरानं पुसली.

"थांबलास का रं? पाऊस हाय म्हणून? मला नाय त्याचा घोर. भाताचं बी निळ्या डब्यात घालून आढ्याला टांगून आलेय."