देवी टोचणाऱ्याची माय

"बच्ची को टीका लगा दूँ?" पुजाऱ्यानं विचारलं.

"लगा है," सुकदेव म्हणाला. "मैंनेच लगाया." बायकोच्या, प्रमिलाच्या, कडेवरच्या आपल्या पोरीची बाही त्यानं खांद्यापर्यंत सरकवली आणि दंडावरचा गोल व्रण दाखवला.

पुजारी हसला. त्याचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. तेव्हा कुठं सुकदेवच्या डोक्यात उजेड पडला. रावेरच्या मोहल्ल्यात देवी टोचायला गेलं की बायका 'टीकेवाला आया' म्हणून पोरं लपवायच्या. टीका म्हटलं की त्याला सुईच दिसायची.

"कुंकू नहीं," तो म्हणाला. "हम बौद्ध हैं."

"मैं भी बौद्ध हूँ," पुजारी म्हणाला.

जळगावहून निघून, लुंबिनीची माती कपाळाला लावून, बसमध्ये ओकत ओकत ही माणसं नेपाळच्या या टेकडीवर चढली होती. वर बुद्ध भेटणार होता. भेटलाही. पांढऱ्या घुमटावर त्याचे डोळे रंगवलेले होते. पण घुमटाला खेटून सोन्याच्या पत्र्याचं एक देऊळ होतं. त्यात एक बाई बसलेली, मांडीशी पोरं, पुढ्यात फुलं, अंडी न् दारूसुद्धा. घुमटाला हात जोडणारी माणसं तेच हात घेऊन हिच्यापुढं येत होती.

"कौन है ये?" सुकदेवनं विचारलं.

"अजिमा. माता निकलती है ना बच्चों को, वही."

सुकदेवची माय, भिकुबाई, पाठीशीच उभी होती. तिला अर्धंमुर्धं हिंदी कळायचं. हे पुरतं कळलं; माता म्हणजे अंगावर येणाऱ्या देवी.

"हाई ते मरीमाय शे," ती म्हणाली.

"माय, चाल तू."

"तूच सांगं व्हतं ना, दगड शे म्हनीसन? मंग दगड बुद्धना दारमा कसा काय वना?"

सुकदेवनं सांगितलं होतं खरं. दीक्षा घेतली त्या साली घरातली मरीमाय यानंच उचलली आणि तापीच्या डोहात फेकली. माय काठावर उभी होती, हूं का चूं केलं नाही. पुढच्या चैत्रात त्याच्या धाकट्या बहिणीला, ठगूला, देवी आल्या. देवीनं फसावं म्हणून पोरीचं नाव ठगू ठेवलेलं. देवी फसली नाही, पोरीला घेऊन गेली. भाऊबंद म्हणाले, भोगा आता. मायनं मात्र पोराला एका शब्दानं दोष दिला नाही. सुकदेव मग देवी टोचायच्या नोकरीला लागला. दगडाचा न् रोगाचा संबंध नाही, हे तो गावोगाव घसा फोडून सांगायचा. घरी कधी सांगावं लागलं नाही.

पुजाऱ्याला वाटलं, म्हातारी गोष्ट विचारतेय. तो सांगू लागला. ही आधी लोकांची पोरं खायची. लोक रडत बुद्धाकडे गेले. बुद्धानं हिचंच धाकटं पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ही वेड्यासारखी रानोमाळ शोधत फिरली, शेवटी त्याच्या पाया पडली. तेव्हापासून ही पोरं राखते.

"काय सांगस तो?" भिकुबाईनं विचारलं.

सुकदेवनं सांगितलं. खोटं सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण सुचलं नाही.

"मंग बुद्धनी तिन्हं पोर तिले दि टाकं?"

"दि टाकं."

"जित्तं?"

"जित्तं, माय. गोष्ट शे ती."

भिकुबाईनं वर घुमटावरच्या डोळ्यांकडे बघितलं. मग देवळातल्या बाईकडे. मग पोराकडे.

"इनी गावनी पोरं खाधी, तरी इन्हं पोर इले दिधं," ती म्हणाली. "मी कोन्हं पोर खाधं व्हतं रे?"

एक माकड अंडं उचलून पळालं. लोक हसले.

भिकुबाईनं प्रमिलाच्या कडेवरून नात ओढून घेतली आणि लोकांना ढकलत थेट उंबऱ्याशी गेली.

"माय!" सुकदेव ओरडला. "पायावर घालू नको तिले!"

तिनं घातली नाही. तिनं पोरीची बाही वर केली आणि तो उघडा दंड देवीच्या तोंडासमोर धरला.

"पाही ले," ती म्हणाली. "हिले टोचेल शे. मन्हा पोऱ्यानी टोचेल शे. हिले हात लावू नको."

मग नातीला कडेवर घेऊन तिनं हात जोडले. समोर देवी होती, देवीच्या कळसामागं बुद्धाचे डोळे. हात नेमके कोणाला जोडले, सुकदेवला मागून दिसेना.