पहिल्या पानाचा पंचनामा

वासंतीताईंनी पहिलं पान उघडलं आणि पुस्तक चटकन स्वतःकडे वळवलं.

"वाच ना गं," शेजारून ईश्वरराव म्हणाले. "काय लिहिलंय?"

एरवी हे काम ईश्वररावांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं. पण मंगळवारीच त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, वाचायला सक्त मनाई. म्हणून आज पुस्तक वासंतीताईंच्या हातात आलं होतं. पेणकरपाड्यातल्या सोसायटीच्या ऑफिसात दर रविवारी सकाळी दहा-बारा पुस्तकवेडी माणसं जमायची. आठवडाभरात काय वाचलं, काय आवडलं, काय डोक्यावरून गेलं, सगळं सांगायची. शेवटी पंचनामा. एकाने रद्दीच्या दुकानातून एक पुस्तक आणायचं, आत न डोकावता, पेपरात गुंडाळून. ते सगळ्यांसमोर सोडवायचं आणि पहिल्या पानावर कुणी कुणाला काय लिहून दिलंय ते मोठ्याने वाचायचं. मग असं पुस्तक रद्दीत घालणारा नतद्रष्ट कोण असेल, यावर नुसता धुडगूस.

आज पाळी निहारची. महिन्याभरापूर्वीच आलेला, बँकेत नोकरी करणारा, हौशी. "खारीगावच्या रद्दीवाल्याकडे मिळालं," तो सांगत होता. "वर शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर. नाव नाही, काय नाही. म्हटलं, बॉस, हेच घ्यायचं. एवढं जपलेलं पुस्तक टाकतं कोण?"

खाकी कव्हरच्या आतलं पुस्तक ईश्वररावांचं होतं. म्हणजे त्यांनीच लिहिलेलं. जन्मात एकच लिहिलं, बारा कथांचं, निवृत्तीनंतर, पदरमोड करून. दोनशे प्रती छापल्या आणि एकेकाला सही करून वाटल्या. घरात एक उरली नाही, याचा केवढा अभिमान! आणि आता त्या पानावर त्यांचंच वळणदार अक्षर होतं: 'संपदाताईंना. तुमच्यासारखा वाचक भेटला, लिहिल्याचं सार्थक झालं. ईश्वर तांबे.'

संपदाताई समोरच बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. घरातल्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायची त्यांची जुनी खोड. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे रंगकाम निघालं होतं, सगळं घर उलटंपालटं. तेव्हाच गेलं असणार, दुसरं काय! 'तांबेसाहेब, तुमचं पुस्तक माझ्या उशाशी असतं,' असं त्या महिन्यातून एकदा तरी म्हणायच्या आणि त्या दिवशी ईश्वरराव घरी दोन पोळ्या जास्त खायचे. आत्ता बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कव्हर त्यांनी केव्हाच ओळखलं होतं.

हे वाचलं तर संपलं, वासंतीताईंना वाटलं. हा माणूस सात वर्षं त्या उशाशी असलेल्या पुस्तकावर जगतोय.

त्यांनी चक्क ठोकून दिलं. "प्रिय आत्याला, एकसष्टीनिमित्त. तुझा बंड्या."

"आणि पुस्तक कसलं?" कुणीतरी विचारलं.

"लोणच्यांचं."

खोलीत एकच हशा उसळला. बंड्याची, आत्याची, लोणच्याची यथेच्छ टर उडवून झाली. ईश्वरराव तर भलतेच रंगात आले होते. "हसू नका हो," ते म्हणाले. "प्रेमाने लिहून दिलेलं पुस्तक रद्दीत घालणं म्हणजे देणाऱ्याच्या थोबाडीत मारणं आहे!" संपदाताईंनी मान खाली घातली.

"बघू, दे इकडे," ईश्वररावांनी हात पुढे केला.

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"वाचत नाहीये गं बाई. वास तर घेऊ दे."

त्यांनी पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं. नाकाशी धरलं. पानं फडफडवली. आत दुमडून ठेवलेली खुणेची फीत त्यांच्या बोटांना लागली. फितीच्या टोकाला बारीक मणी होता. छापखानेवाला फीत लावून द्यायला तयार नव्हता, म्हणून वासंतीताईंनी महिनाभर घरी बसून दोनशे पुस्तकांना एकेक फीत शिवली होती, प्रत्येकीला मणी ओवला होता. सुई टोचून टोचून बोटांची चाळण झाली होती.

ईश्वररावांनी मणी चिमटीत धरला. त्यांचं हसू तिथल्या तिथे थिजलं.

"हे माझं पुस्तक आहे."

निहारचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अरे देवा, काय करून बसलो आपण!

"वासंती, खोटं बोलू नकोस." ईश्वररावांनी मणी सोडला नव्हता. "कुणाच्या नावाचं आहे हे?"

संपदाताई अर्धवट उठल्या. वासंतीताईंनी त्यांना डोळ्यांनीच दटावून खाली बसवलं.

"माझ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाचं आहे. पसारा आवरताना मीच घातलं रद्दीत. चुकलं माझं."

सगळे हबकले. ईश्वरराव काळ्या चष्म्याआडून बायकोकडे बघत राहिले. आता हे ओरडणार, म्हणून वासंतीताईंनी पदर मुठीत घट्ट धरला. पण ते ओरडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता उतरला आणि रंगच उडाला.

"तुझ्या नावाचं कसं असेल?" ते कसंबसं म्हणाले. "तुला मी दिलंच नाही गं कधी."